गिरणीच्या बुजवलेल्या खिडक्या

कृष्णेच्या दक्षिण काठावर, एका गावात एक कापडगिरणी होती. नागाप्पाशेठनी ती हौसेने बांधली होती. काळ्या दगडाच्या जाड भिंती, सागवानी तुळया, मागे उंच धुराडं. वरच्या मजल्यावर बायका माग चालवत. तिथल्या खिडक्या शेठनी मुद्दाम खाली, गुडघ्याच्या उंचीपासून ठेवल्या होत्या. खालच्या अंगणात त्या बायकांची पोरं खेळत.

नागाप्पाशेठ गेले आणि गिरणी त्यांच्या मुलाकडे, शिवरुद्रकडे आली. शिवरुद्र मनाने वाईट नव्हता, पण आपल्याला सगळं कळतं असं त्याला वाटे. या दुखण्यावर वैद्याकडे औषध नसतं. पहिल्याच फेरीत त्याने पाहिलं, बायका काम करता करता बाहेर बघतात.

"पगार कापड बघायचा देतो, अंगण बघायचा नाही," तो म्हणाला. त्याने गवंडी बोलावून खिडक्या विटांनी बुजवल्या. नियम म्हणजे नियम, म्हणून शेजारच्या आपल्या कचेरीची खिडकीही बुजवली.

तेव्हापासून लुगड्यांचे काठ वाकडे येऊ लागले. तुटलेला धागा तसाच विणला जाई. बायका काही ना काही निमित्त काढून जिना उतरत. ज्या लुगड्यांवर व्यापाऱ्यांच्या उड्या पडत, तीच आता परत येऊ लागली. असंच चाललं तर दिवाळीआधी गिरणीला टाळं लागणार, हे सगळ्यांना दिसत होतं.

शिवरुद्रने सगळ्यांत जुन्या गंगव्वाला जाब विचारला. "लक्ष कुठं असतं तुमचं?"

"डोळं कापडावरच हाईत, मालक," ती म्हणाली. "जीव खाली असतोय."

त्याला ते उद्धट वाटलं.

पुढे त्याची बायको आजारी आईला बघायला माहेरी गेली. शिवरुद्र धाकट्या मुलीला, पार्वतीला, घेऊन गिरणीत आला, तिला अंगणात पोरांमध्ये सोडलं आणि कचेरीत बसला. खालून रडण्याचा आवाज आला. तो धावत उतरला, तर पडलं होतं दुसरंच पोर. वर येऊन टेकतो तोच अंगण शांत झालं, आणि ती शांतता त्याला रडण्याहून वाईट वाटली. पुन्हा उतरला. दुपारपर्यंत हातून एक काम धड झालं नाही. जिना चढताना समोरून गंगव्वा उतरत होती. दोघं थांबली. शिवरुद्रला मनापासून लाज वाटली.

गिरणी सुटल्यावर गुपचूप खिडक्या उघडता आल्या असत्या. मालकाचा मान राहिला असता. हा विचार त्याच्याही मनात आला. पण तो तसाच आत गेला आणि त्याने माग थांबवायला सांगितले.

"बायांनो, माझं चुकलं," तो म्हणाला. "ही गिरणी बांधताना आबांना जे कळत होतं, ते मला कळलं नाही."

खाली पोरं होती, म्हणून पहिली वीट त्याने स्वतःच्या हाताने आतल्या बाजूला ओढून काढली.

उजेड आला, नदीचा वारा आला. गंगव्वाने एकदा खाली पाहिलं आणि ती मागाकडे वळली. दिवाळीला गिरणीची लुगडी बाजारात गेली. एकही परत आलं नाही.

तात्पर्य: ज्याचा जीव निश्चिंत, त्याचाच हात कामात रमतो, आणि चूक चारचौघांत केली असेल, तर ती चारचौघांतच सुधारावी.