मास्तरांचा कान

एकदा एक कानाचा मोठा माणूस होऊन गेला. कोणी हाताचा मोठा असतो, कोणी बुद्धीचा, हा कानाचा. गिटारचा आवाज वाढवणाऱ्या पेट्या, म्हणजे अँप्लिफायर, बनवण्याचा त्याचा कारखाना होता. कारखाना म्हणायचं आपलं. दोन खोल्या, चार टेबलं आणि दिवसभर सोल्डरचा धूर. त्याला सगळे मास्तर म्हणत. रस्त्याने जाताना एखाद्या मांडवातून गिटार ऐकू आली, की मास्तर चालता चालता सांगत, "त्या पेटीतला एक व्हॉल्व्ह महिनाभरात जाणार." आणि तो जाई.

या पेट्यांची गंमत अशी, की त्यांत आवाज मुद्दाम फाडायचा असतो. जुन्या रेडिओत काचेचे व्हॉल्व्ह असत ना, तसलेच यांतही असतात. तारेचा नाजूक स्वर एका व्हॉल्व्हमधून दुसऱ्यात, दुसऱ्यातून तिसऱ्यात असा रेटत न्यायचा, की शेवटी तो गर्जत बाहेर पडतो. तुम्हाआम्हाला तो निव्वळ गोंगाट वाटेल. वाटो बापडा. परंतु जाणकार सांगतात, की फाटलेल्या आवाजालाही पोत असतो. त्याच्या वरच्या अंगाला धार हवी, पण ती टोचता कामा नये. यंत्राचा काटा धार किती आहे ते दाखवतो. बरी की वाईट, हे सांगायला माणसाचा कानच लागतो.

म्हणून कारखान्याची एक रीत होती. तयार झालेली पेटी मास्तरांनी ऐकल्याशिवाय उंबरठा ओलांडत नसे. मास्तर तिच्याकडे पाठ करून स्टुलावर बसत, डोळे मिटत. त्यांचा शिष्य हेरंब गिटारवर दरवेळी तेच चार स्वर वाजवी. मग मास्तर एक तर म्हणत, "जाऊ दे", नाही तर म्हणत, "वर बंद आहे, उघड." उघड म्हटलं, की हेरंबने आतला एक कपॅसिटर बदलून धार वाढवायची. यावर चर्चा नसे. बाबा वाक्यं प्रमाणम्.

हेरंब अकरा वर्षं त्यांच्या हाताखाली होता. पहिली पाच वर्षं "जाऊ दे" जास्त आणि "उघड" कमी असे. पुढे पुढे हे प्रमाण उलटलं. हेरंबला पेटी आधीच तीक्ष्ण वाटावी, आणि मास्तरांनी म्हणावं, "उघड." उघडल्यावर त्याचे दात शिवशिवत. तरीही मास्तर म्हणत, "अजून." एकदोनदा त्याच्या ओठांवर आलं, की मास्तर, फार होतंय. पण ज्या माणसाने आपल्याला ऐकायला शिकवलं, त्यालाच तुम्हाला ऐकू येत नाही का, असं कोणत्या तोंडाने विचारायचं? जीभ रेटेना. गेली दोन वर्षं तर त्याला स्वतःलाही काही बोचेनासं झालं होतं. आपला कान आता मास्तरांसारखा तयार झाला, अशी त्याने मनाची समजूत घातली आणि मनातल्या मनात थोडा सुखावलाही.

पेट्या मात्र परत येऊ लागल्या. आधी वर्षाला एखादी, मग महिन्याला. मास्तर म्हणत, "लोकांचे कान बिघडलेत." हेरंब मान डोलवी.

डॅनियल गायकवाड हे कारखान्याचं जुनं गिऱ्हाईक. शहरातल्या निम्म्या गिटारवाल्यांना त्यानेच या दाराचा रस्ता दाखवला होता. त्याने आपली नवी पेटी दोनदा परत आणली. तिसऱ्यांदा आला तो एका दुपारी, स्वतः टेम्पोतून उतरवून. कपाळावर घाम, पण बोलणं शांत.

"हेरंब, शनिवारी आमचा कार्यक्रम आहे. मागच्या वेळी पहिल्या गाण्यालाच पुढच्या रांगेतल्या लोकांनी कानांवर हात ठेवले. मी तुमच्याबद्दल बाहेर ब्र काढलेला नाही. पण आज जर हे जमलं नाही, तर मी बाहेरची पेटी घेणार. आणि मी घेतली की बाकीचे घेतील, हे तुला मी सांगायला नको."

सांगायला नकोच होतं. कारखान्याकडे नवी मागणी अशी उरली नव्हती. उरलं होतं ते नाव, आणि तेही डॅनियलच्याच जिभेवर. हेरंबने पेटी टेबलावर चढवली, तारा जोडल्या. मास्तर नेहमीप्रमाणे पाठ करून बसले. हेरंबने चार स्वर वाजवले. डॅनियलने नकळत तोंड वाकडं केलं.

मास्तर उठले, आतल्या खोलीत गेले आणि आपल्या खाटेवरची जाड गोधडी घेऊन आले. तिची चौघडी करून त्यांनी ती पेटीच्या तोंडावर टाकली, वरून नीट दाबली.

"वाजव," ते म्हणाले.

हेरंबला वाटलं, म्हाताऱ्याचं डोकं फिरलं. पण हुकूम मोडायची सवय नव्हती. त्याने वाजवलं. आवाज बोळा कोंबल्यासारखा, घुसमटलेला आला. मास्तरांनी गोधडी काढली. "पुन्हा." मग पुन्हा टाकली. "पुन्हा." असं तीनदा झालं. तिसऱ्या वेळी ते गोधडी हातात घेऊन स्टुलावर बसले, आणि प्रथमच पेटीकडे तोंड करून बसले.

"मला दोन्ही सारखंच," मास्तर म्हणाले.

"सहा वर्षं झाली. नातीच्या घड्याळाचा गजर वाजत होता आणि ती म्हणाली, आजोबा, बंद करा ना. घड्याळ माझ्या उशाशी. मी हातात घेऊन बघितलं, काटा हलत होता, आवाज नव्हता. त्याच दिवशी कळलं, की कानाचा वरच्या स्वरांचा सगळा मजला रिकामा झाला. चाळीस वर्षं या पेट्यांपुढे बसलो, त्याचं हे बक्षीस. पण ताकास तूर लागू दिली नाही मी. का? तर तुम्ही मला विचारायचं सोडाल म्हणून. माणसाला म्हातारपणी भाकरी कमी लागते रे, पण कोणी येऊन विचारलेलं लागतं. जे मला ऐकू येत नव्हतं, ते मी तुझ्याकडून वाढवून घेत राहिलो. आंधळ्याच्या गायी देव राखतो म्हणतात. बहिऱ्याच्या पेट्या कोण राखणार?"

हेरंबच्या डोळ्यांत पाणी आलं. तो म्हणाला, "मास्तर, मला या सहांतल्या पहिल्या वर्षीच जाणवलं होतं. तुमच्या आदरापोटी बोललो नाही."

"आदर?" मास्तर हसले, पण त्या हसण्यात माया नव्हती. "आदर असता तर मला बाजूला नेऊन सांगितलं असतंस. माझ्या नावाची इतकी माती होऊ दिली नसतीस. पेटी चांगली निघाली तर हात तुझा, वाईट निघाली तर कान माझा. तुला ते सोयीचं होतं. मी खुर्चीला चिकटून राहिलो आणि तू त्या खुर्चीमागे लपलास. दोघांनी मिळून हे केलं. तुझ्या वाट्याचं माझ्यावर ढकलू नकोस, माझं मला पुष्कळ आहे."

ते खरं होतं. खरं बोलणं असं वर्मी लागलं, की माणूस आधी चिडतो, तोही चिडला. पण चिडून जायचं कुठे?

डॅनियलनेच मध्ये तोंड घातलं. "झालं ते झालं. हेरंब, आज तुझ्या कानाने लाव. माझ्यासाठी लाव."

अकरा वर्षांत हे वाक्य त्याला कोणी म्हटलं नव्हतं. त्याने कपॅसिटर उपसून काढला, जुना पहिल्या मापाचा बसवला, वरच्या धारेचं बटण थोडं मागे घेतलं. चार स्वर वाजवले. गोल, भरीव, मोकळा आवाज. त्याला भरून आलं.

"आता झालं," तो म्हणाला.

डॅनियलने मान हलवली. "टोचतंय अजून."

हेरंबने बटण आणखी मागे घेतलं. "आता?"

"अजून थोडं."

आणखी मागे. आता हेरंबला तो आवाज निस्तेज, मेल्यासारखा वाटू लागला. यात धार कुठे आहे? त्याने बटण अजून एक रेघ मागे घेतलं, आणि डॅनियलचा चेहरा उजळला. "हां. हाच. अरे, हाच आवाज मी दहा वर्षांपूर्वी इथून नेला होता. काय सुंदर धार आहे. येतेय ना ऐकू?"

हेरंबचे हात तारांवर थांबले. सहा वर्षं, रोज आठ-आठ तास, कान फाडणाऱ्या पेट्या त्यानेच लावल्या होत्या, आणि त्यांच्यासमोर मास्तरांपेक्षा जवळ तोच बसला होता. बोचेनासं का झालं होतं, ते त्याला आता कळलं. मास्तर त्याच्याकडे बघत होते. त्यांनाही कळलं होतं, आणि ते घाबरले होते. नुसतं हो म्हणायचं होतं. गिऱ्हाईक खूश होतं, नाव राहिलं असतं, मास्तरांचं स्टूल आता त्याचंच होतं.

"नाही," हेरंब म्हणाला. "मला नाही येत ऐकू, डॅनियल. यापुढे पेटी लावताना तुलाच येऊन बसावं लागेल. तुला नाही तर दुसऱ्या कोणाला."

गुरूला जे सांगायला सहा वर्षं लागली, ते शिष्याने एका दमात सांगितलं. तो शिकला ते एवढंच. त्याची किंमत मात्र आधीच देऊन झाली होती. मास्तरांनी गोधडीत तोंड लपवलं. डॅनियल तारा गुंडाळत राहिला.

गुरूच्या पायांवर डोकं खुशाल ठेवावं, सुज्ञहो. आपले कान मात्र त्याच्याकडे ठेवायला देऊ नयेत.