अस्वलाने मागितलेली माफी

नदीकाठच्या एका सागाच्या जंगलात एक अस्वल राहत असे, आणि ते टीव्हीवर काम करत असे. हसू नका. त्या जंगलात टीव्ही होता म्हणजे होता. गोष्ट मी सांगतेय, तुम्ही नाही. तर संध्याकाळ झाली की प्रत्येक बिळातून आणि ढोलीतून एकच गाणं ऐकू यायचं आणि ‘मधलं कुंपण’ ही मालिका सुरू व्हायची. तिच्यात दोनच शेजारी होते. एक दिवसभर लोळणारा आळशी; ते काम अस्वलाचं. दुसरी, झाडाचं पान पडलं तरी कलकलाट करणारी. ते काम टिटवीचं. रोज दोघं कशावरून तरी कडाकडा भांडायची आणि शेवटी कुंपणाच्या दोन बाजूंना बसून खो-खो हसायची. एवढीच ती मालिका. पण काय सांगू, ती बघितल्याशिवाय सशांची पोरं घास घ्यायची नाहीत, आणि कुणाच्या घरी त्या वेळी पाहुणा गेला तर त्याला कुणी पाणीसुद्धा विचारायचं नाही.

पडद्यामागे मात्र दोघांची घट्ट मैत्री होती. डबा एकच असायचा, वाळवीचा. अस्वल सकाळी वारूळ उकरून आणायचं आणि टिटवी चोचीने माती-काड्या निवडून द्यायची. एका उन्हाळ्यात टिटवीवर मोठं संकट आलं. तिने माळावर, दगडगोट्यांत अंडी घातली होती. ती शूटिंगला आलेली असताना गुरांचा कळप तिकडून गेला आणि सगळी अंडी पायाखाली चिरडली गेली. तिने ही गोष्ट कुणालाही सांगितली नाही. सांगितली फक्त अस्वलाला. ते बिचारं डब्याचं झाकण हातात धरून तिच्यासोबत रडलं होतं.

आता एवढ्या जिवाभावाच्या दोघांत बिनसलं कशावरून, तर शेवटच्या वाक्यावरून! मालिकेचा नियम असा होता की भागातलं शेवटचं वाक्य जो बोलेल, त्याच्या चेहऱ्यावर कॅमेरा थांबायचा. मग तोच चेहरा डोळ्यांसमोर ठेवून अख्खं जंगल झोपायचं. एके दिवशी अस्वलाचं शेवटचं वाक्य झालं, आणि टिटवीने अचानक आपल्या पदरचं एक वाक्य जोडलं. शूटिंग बघायला बसलेले ससे, माकडं, हरणं सगळे हसून लोळले आणि कॅमेरा टिटवीवर थांबला. अस्वलाला ते लागलं. दुसऱ्या दिवशी त्याने तिच्या वाक्यावर आपलं वाक्य चढवलं. तिसऱ्या दिवशी तिने. असं करता करता डबे वेगळे झाले आणि दोघं एकमेकांकडे पाठ करून जेवायला लागली.

मालिकेचा दिग्दर्शक होता कोल्हा. त्याला वाटलं असतं तर तो त्यांना समजावू शकला असता. पण त्याला एकच गोष्ट कळायची, ती म्हणजे हशा. दोघांच्या भांडणात आता खरा राग आला होता आणि लोकांना तर तो फारच आवडत होता. “अस्वलराव, टिटवीबाई, काय रंगतंय म्हणून सांगू!” तो हात चोळत म्हणायचा. “भांडा, मनसोक्त भांडा. मी कॅमेरा बंद करत नाही.”

मग तो दिवस आला. त्या दिवशीच्या भागात टिटवी कुंपणावरून डोकावून अस्वलाच्या घरातला पसारा बघते, असं दृश्य होतं. टिटवी ठसक्यात म्हणाली, “याला घर म्हणतात होय? घर कसं सांभाळायचं ते ये, माझ्याकडून शीक!” यावर अस्वलाने म्हणायचं होतं, “शिकतो की, जरा झोपून उठतो.” तेवढंच लिहिलेलं होतं. पण टिटवीच्या वाक्यावरच एवढा हशा झाला की अस्वलाचं डोकं फिरलं. त्याला याहून मोठा हशा हवा होता. ते म्हणालं, “स्वतःची अंडी सांभाळता आली नाहीत, आणि मला घर सांभाळायला शिकवतेय!”

अरे देवा! समोरचे सगळे फुटले. माकडं फांद्यांवरून खाली पडली. टिटवी जागच्या जागी उभी राहिली. तिची चोच उघडी होती, पण तिच्यातून शब्द येईना. लोकांना वाटलं, काय अभिनय करतेय ही! ते आणखी हसले. अस्वल वाट बघत राहिलं की आता ही उलट बोलेल, काहीतरी झणझणीत सुनावेल. ती बोललीच नाही. शेवटचं वाक्य अस्वलाचं झालं, कॅमेरा त्याच्या चेहऱ्यावर थांबला, आणि त्या क्षणी त्याला कळलं की आपण काय करून बसलो.

रात्रभर त्याचा डोळा लागला नाही. त्याने ठरवलं, चारचौघांत बोललो, तर माफीही चारचौघांतच मागायची. तसं ते बरोबरच होतं. पण खरं सांगू? माफी मागताना आपण कसे दिसू, हाही विचार त्याच्या मनात होताच. शेवटी नट होता तो! दुसऱ्या दिवशी टिटवी कामाला आली, कारण काम ते काम. दृश्य अर्ध्यावर असताना अस्वल पुढे आलं आणि गुडघे टेकून, हात जोडून म्हणालं, “टिटवे, माझं चुकलं!”

लोक हसले.

“अहो हसू नका! खरंच चुकलं माझं!” अस्वल कळवळून ओरडलं. लोक आणखी हसले. त्याच्या डोळ्यांत पाणी आलं, तेव्हा तर हरणांनी पोट धरलं. कोल्हा कॅमेऱ्यामागून आनंदाने नाचत होता. “वा, अस्वलराव! तोडलंत! हे असंच ठेवू या!” संध्याकाळी तो भाग लागला आणि दुसऱ्या दिवसापासून जंगलातली झाडून सगळी पोरं गुडघे टेकून एकमेकांना “माझं चुकलं, माझं चुकलं” करत फिरायला लागली.

टिटवीने ते बघितलं आणि ती उडून माळावर निघून गेली. ती परत आलीच नाही.

कोल्ह्याने फार मनाला लावून घेतलं नाही. “साळुंकीला घेऊ या,” तो म्हणाला. “पाय आखूड आहेत तिचे, पण कुंपणाच्या मागेच तर उभं राहायचंय. पाय कोणाला दिसतात?” अस्वल म्हणालं, “ती नाही तर मीही नाही.” आणि भर दुपारी ते माळाच्या वाटेला लागलं. अस्वलाला उन्हात चालण्याचा किती कंटाळा असतो ते तुम्हाला माहीत नसेल. पण मैत्रीण गेली तर मालिका राहून तरी काय करायची, असं त्याला झालं होतं.

वाटेत पहिल्याच वळणावर मुंगसांचं कुटुंब भेटलं. “अय्या, अस्वलकाका! ते ‘माझं चुकलं’ करून दाखवा ना!”

“आज नाही,” अस्वल म्हणालं.

मुंगसं फिदीफिदी हसली आणि मागून चालू लागली. पुढे ससे येऊन मिळाले, त्यांनीही तेच मागितलं. मग माकडं आली. “काका, एकदाच! आमच्या आजीसाठी!” अस्वल मान खाली घालून चालत होतं आणि मागे वरात वाढत होती. ते अडखळलं की हशा, घाम पुसला की हशा.

जंगल संपतं तिथे एक बाभूळ होती. तिथून माळ दिसायचा. दूरवर, गोट्यांच्या मधोमध, टिटवी एकटी उभी होती. अस्वल थांबलं. त्याच्या लक्षात आलं, ही सगळी वरात घेऊन आपण तिच्यासमोर गेलो की परत तमाशाच होणार. ते मागे वळून म्हणालं, “मंडळी, कृपा करा, घरी जा.” लोक हसले. “जा म्हणतो ना!” लोक जास्तच हसले.

आता करायचं काय? जन्मभर अस्वल एकच विद्या शिकलं होतं, लोकांना धरून ठेवायची. आज पहिल्यांदाच त्याला लोक कंटाळायला हवे होते. ते बाभळीखाली बसलं आणि त्याने काहीच केलं नाही.

तुम्हाला वाटेल, त्यात काय मोठंसं? करून बघा. आधी लोक त्याच्या नुसत्या बसण्यालाच हसले. अस्वल गप्प. एका माशीने त्याच्या नाकावर ठाण मांडलं. नाक हलवून ती उडवली असती तर हशाचा कल्लोळ झाला असता आणि त्याला ते पक्कं ठाऊक होतं. त्याने ती उडवली नाही. माकडांनी त्याची नक्कल केली, त्यानेही ते हललं नाही. मग हळूहळू हसू ओसरलं. एका सशाने जांभई दिली. “हे टीव्हीवरच बरं दिसतं,” मुंगशीण म्हणाली. “संपलं आता याचं. चला गं, पोरांची जेवणं व्हायचीत,” दुसरी कुणी म्हणाली. अस्वलाला सगळं ऐकू येत होतं आणि प्रत्येक शब्द त्याच्या काळजाला भोकं पाडत होता. एक विनोद करावा, फक्त एक, म्हणून त्याची जीभ शिवशिवत होती. त्याने ती दाताखाली धरली. शेवटचं माकड उठून गेलं, तेव्हा कुठे ते उठलं आणि माळावर गेलं.

“टिटवे,” ते म्हणालं, “माझं चुकलं.”

कुणी हसलं नाही.

“तू विश्वासाने मला सांगितलंस, आणि मी ते लोकांना हसवायला वापरलं. तुझ्यापेक्षा मोठा हशा हवा होता मला. बाकी काही कारण नव्हतं.”

टिटवीने गोट्यांकडे बघितलं. मग म्हणाली, “अंडी गेली तेव्हा तू माझ्याबरोबर रडला होतास.”

“हो.”

“म्हणून जास्त लागलं रे. दुसरं कुणी बोललं असतं, तर त्याच्या टाळक्यात चोच मारून मी मोकळी झाले असते.”

“मग मार,” असं म्हणून अस्वलाने डोकं खाली केलं.

टिटवीने मारली. चांगली सणसणीत मारली! अस्वलाच्या तोंडून ‘आई गं’ निघालं.

“आता बस,” टिटवी म्हणाली. “ऊन फार आहे. मघाशी तिकडे बाभळीखाली काय करत होतास?”

“काही नाही.”

“ते दिसलं मला. सगळे उठून गेले. तुला तर एक जण उठून गेला तरी दिवसभर जेवण जात नाही. मग का बसलास?”

अस्वलाने डोकं चोळलं. “ते इथे असते ना, तर मी तुझ्यासमोर उभा राहूनसुद्धा त्यांच्याशीच बोललो असतो.”

टिटवी दोन गोटे जवळ सरकून बसली. मग म्हणाली, “उद्या येते मी. पण ते दोन्ही भाग परत कधी लागता कामा नयेत.”

“कोल्ह्याला सांगतो पुसून टाकायला.”

“तो ऐकेल होय?”

“नाही ऐकलं तर रोज कॅमेऱ्यासमोर मघासारखा बसतो,” अस्वल म्हणालं, “माशी उडवणार नाही की काही नाही.”

ते ऐकून टिटवीला हसू आलं. त्या एवढ्या मोठ्या माळावर ती एकटीच हसत होती. अस्वलाला तेवढं पुरलं.

तात्पर्य : ज्याचं मन दुखावलं असेल, त्याच्यापाशी एकट्याने जावं आणि साध्या शब्दांत बोलावं, बघणारे जमवून मागितलेली माफी बघणाऱ्यांनाच मिळते.