आखूड कानाचा घोडा

फार मागच्या काळातली गोष्ट. डोंगरांपलीकडे बर्फाचा एक देश होता. तिथली माणसं थंडीभर घरात कोंडून घ्यायची आणि बुद्धिबळ खेळायची. पुढे ते राज्य मोडलं. माणसं वाट फुटेल तिकडे पांगली. त्यांच्या लाकडी सोंगट्या लांबलांबच्या बाजारांत येऊन पडल्या, आणि त्या गोळा करायचं वेड भल्याभल्यांना लागलं.

वेडामागे लबाडी आलीच. सुतार नव्या लाकडाच्या तशाच सोंगट्या करायचे, काथाच्या पाण्यात बुडवायचे, धुरावर धरायचे आणि जुन्या म्हणून खपवायचे.

अशाच एका बाजारगावात एक पारखी राहायचा. सोंगटी तळहातावर घेतली की त्याला कळायचं. त्या देशातलं जुनं लाकूड हाताला हलकं लागे. नकली सोंगटीच्या पोटात शिसं भरलेलं. जुन्या घोड्याचे कान माणसांच्या बोटांनी झिजलेले, नकली घोड्याचे कानशीनं घासलेले. घरात त्यानं भिंतभर फळ्या मारून सोंगट्या मांडल्या होत्या. ओसरीवर एक चूल घातली होती. जे खोटं निघेल ते चार लोकांदेखत त्या चुलीत जायचं, मग ते कोणाचं का असेना. लोक वाहवा करायचे. वाहवेची चटक फार वाईट. एकदा लागली की माणूस जेवण विसरेल, पण तिला विसरणार नाही.

एके दिवशी बर्फाच्या देशातला एक म्हातारा फडक्यात बांधलेला डाव घेऊन आला. त्यानं सोंगट्या पटावर मांडल्या आणि पारखी वाकून बघायला लागला. असा डाव त्यानंही पाहिला नव्हता. काळ्या राजाच्या डोक्यावर पांढरा थेंब, पांढऱ्याच्या डोक्यावर काळा. फक्त एक पांढरा घोडा ओबडधोबड होता. एक कान आखूड, मानेवर चाकूचे घाव.

"हे ध्यान कुठनं आलं, बाबा?" पारख्यानं विचारलं.

"मूळचा हरवला, दादा. माझी लेक लहान होती. तिनं सरपणातल्या काटकीचा हा केला. मी कानाला हसलो तर रुसून बसली. मग रोज त्याच घोड्यानं खेळलो, तेव्हा कुठे राग गेला." म्हाताऱ्यानं घोड्याच्या मानेवरून अंगठा फिरवला. "राज्य मोडलं त्या धावपळीत आमची चुकामूक झाली. तिला शोधायला निघालोय. वाटेत चोर फार. मी येईपर्यंत सांभाळाल? बाकीचं हरवलं तरी चालेल. घोडा तेवढा जपा. तिच्या हातचं माझ्यापाशी एवढंच आहे."

"जपतो," पारखी म्हणाला.

म्हातारा गेला. पारख्याची बायको म्हणाली, "अहो, परक्याची ठेव आहे. गुंडाळून पेटीत घाला."

"पेटीत कोण बघणार, अगं?" असं म्हणून त्यानं तो डाव सगळ्यांत वरच्या फळीवर मांडला.

पुढे त्या बाजारगावाच्या मुलखाचा राजा संग्रह बघायला आला. गाव ओसरीवर लोटलं. राजा फळ्या बघत बघत वरच्या डावापाशी थांबला आणि हसून म्हणाला, "पारखी, हा घोडा कुठल्या तबेल्यातला?"

लोक खो खो हसले. कोणीतरी मागून बोललं, "दुसऱ्याचं असतं तर एव्हाना चुलीत असतं!"

दारातून बायको ओरडली, "महाराज, ती एका म्हाताऱ्याची ठेव आहे. त्याच्या लेकीच्या हातचा घोडा आहे तो."

"मग राहू द्या," राजा म्हणाला. राजा वाईट नव्हता.

पारख्यानं घोडा हातात घेतला. तो हलका होता. मानेपाशी अंगठा बसेल एवढा खळगा पडला होता, वर्षानुवर्षं धरून धरून झिजलेला. त्याच्या अंगठ्याला सगळं कळलं. पण लोक बघत होते, आणि मागचं हसू अजून थांबलं नव्हतं.

"खोटं ते खोटं," तो म्हणाला. "कोणाच्या का हातचं असेना."

आणि त्यानं घोडा चुलीत टाकला. वाळकं लाकूड ते. भुर्रकन पेटलं. लोकांनी वाहवा केली.

डाव लंगडा दिसायला लागला. तेव्हा ज्या सुताराला तो जन्मभर लबाड म्हणत आला, त्याच्याचकडून त्यानं नवा घोडा करून घेतला. डावातल्या दुसऱ्या घोड्यासारखा, हुबेहूब.

"मुलीचा जाळलात आणि लबाडाचा बसवलात," बायको म्हणाली. "भले पारखी!"

उन्हाळ्यात म्हातारा परत आला. एकटाच. ओसरीवर टेकला. पारख्यानं चाचरत विचारलं, "भेटली का लेक?"

"तिला पुरलं ते शेत दाखवलं लोकांनी." रडून रडून त्याच्या डोळ्यांना दिसेनासं झालं होतं. "डाव तुम्हीच ठेवा, दादा. मला घोडा द्या, मी जातो."

आणि पारख्यानं, बघा हं, त्याच्या हातावर नवा घोडा ठेवला.

म्हाताऱ्यानं मानेवरून अंगठा फिरवला. पुन्हा फिरवला. मग मऊ आवाजात म्हणाला, "हा नाही, दादा. चुकून दुसरा आणलात. आत बघा ना जरा."

पारखी आत गेला. सगळ्या फळ्या भरलेल्या होत्या. तो भिंतीसमोर नुसता उभा राहिला. बायको म्हणाली, "काय बघताय? जा आणि आपल्या तोंडानं सांगा."

त्यानं जाऊन सांगितलं.

म्हाताऱ्यानं हातातला नवा घोडा ओसरीवर ठेवला आणि म्हणाला, "मी तुम्हाला सांगितलं होतं ना, तो कोणाचा आहे ते?"

"सांगितलं होतं."

म्हातारा उठला. काठीनं वाट चाचपत निघाला. पारखी डाव घेऊन वेशीपर्यंत मागे धावला, हात जोडले, रडला. म्हातारा मागे वळला नाही. पुढे तो कुठे गेला, जगला की मेला, कोणाला कळलं नाही.

गाव मात्र सगळं बघत होतं. जे हसले होते आणि ज्यांनी वाहवा केली होती, तेच आता पारख्याला तोंडावर बोलायला लागले. त्याच्या घरी ठेव ठेवणं लोकांनी बंद केलं. शेजारीण माहेरी जाताना घराची किल्लीसुद्धा चार घरं पलीकडे देऊन जायची. पारखी ओसरीतून बघायचा आणि मान खाली घालायचा.

बोध एवढाच: ज्या वस्तूत कोणाचा जीव गुंतलेला आहे, तिला खोटी म्हणायचा हक्क जगात कोणालाही नाही.