बद्द वाजणारी चकती

खाडीकाठच्या एका गावात येसबा नावाचा एक कुंभार राहत असे. त्याची आळी माठ-पणत्यांपेक्षा चकत्यांसाठी नावाजलेली होती. तळहाताएवढी भाजलेली चकती. ती दाबली की तिच्यातून इवलीशी वीज निघे आणि तारेला जोडलेला काटा हले. नावा हाकणारे तांडेल ही चकती नावेखाली पाण्यात सोडत. खाडीच्या तोंडाशी एक बुडीत खडक होता आणि त्याला पाण्याखाली घंटा बांधली होती. धुक्यात खडक दिसत नसे, पण घंटेचा नाद पाण्यातून येऊन चकतीला दाबी. काटा हलला की तांडेल नाव वळवी.

पूर्वी या चकत्यांच्या मातीत शिसं घालत. तेव्हा त्यांचे कान तिखट होते, पण भट्टीच्या धुराने आळीतली माणसं खंगू लागली. शिसं सोडायचं असं सगळ्यांत आधी येसबानेच म्हटलं, आणि सोडलंही. माणूस भला होता. नवी माती निर्विष होती, पण ऐकायला मंद. घंटा कळेपर्यंत खडक पुढ्यात येई. गेल्या थंडीत एक नाव फुटली आणि दोन माणसं गेली. मग दाऊद तांडेलाने आळीत येऊन बजावलं, की यंदा धुकं पडायच्या आत आमच्या बारा नावांसाठी चांगल्या चकत्या द्या, नाहीतर आम्ही नावा पाण्यात घालणार नाही.

आता येसबाचा एक नेम होता. आळीतला सगळा माल त्याच्या टिचकीखालून जाई. खणखणीत वाजला तर पास. बद्द वाजला तर ज्याने घडवला त्यानेच तो फोडायचा. चाळीस वर्षं हा रिवाज चालला होता, आणि खरं सांगायचं तर माठाच्या बाबतीत येसबाचा कान कधी चुकला नव्हता. त्यामुळे चकतीलाही तीच टिचकी चालते, असं त्याने धरून टाकलं. त्याला विचारणार कोण?

येसबाने माती वस्त्रगाळ केली, दाबून दाबून भरली आणि बारा चकत्या भाजल्या. देवळातल्या झांजेसारख्या वाजत होत्या. त्याच भट्टीत त्याच्या सुनेच्या, चांगुणाच्याही बारा चकत्या होत्या. तिने मातीत तांदळाचं पीठ मळलं होतं. मंद आचेवर पीठ जळून गेलं आणि चकतीच्या पोटात सुईच्या टोकाएवढी भोकं राहिली. मग पाणी आत शिरू नये म्हणून तिने वरून राळेचा हात फिरवला आणि सगळ्या चकत्या एकसारख्या दिसाव्यात म्हणून सासऱ्याच्या चकत्यांनाही तोच हात दिला.

येसबाने तिच्या एकेका चकतीला टिचकी मारली. बद्द.

चांगुणा हळूच म्हणाली, "मामंजी, टिचकी एका बाजूनं लागते. पाणी चारी बाजूंनी दाबतं. घट्ट चकतीतली वीज मग आतल्या आत भांडून संपते; पोटात भोकं असली की बाजूंचा दाब तिथंच जिरतो. एकदा पाण्यात बघा."

"पाण्यात काय बघायचं? मला कान आहेत," येसबा म्हणाला.

पिकतं तिथं विकत नाही म्हणतात, ते खोटं नाही. चांगुणाने आपल्या हाताने अकरा चकत्या फोडल्या. बारावी, चकत्या न्यायला आलेल्या दाऊदने उचलली. फोडायचीच आहे तर आधी बुडवून बघू, तो म्हणाला. येसबाही तयार झाला. सुनेची एकदाची खात्री पटेल, असा त्याचा हिशेब होता.

दुसऱ्या दिवशी सकाळी दाट धुकं होतं. दाऊद सुकाणूवर बसला. येसबा नावेच्या पुढच्या टोकाला, नाळेवर, दोन काट्यांपुढे बसला; उजवा काटा त्याच्या चकतीचा, डावा सुनेच्या. नाव खाडीच्या तोंडाकडे निघाली.

बराच वेळ काही नाही. मग डावा काटा थरथरला. येसबाने उजव्याकडे पाहिलं. तो ढिम्म. डावा पुन्हा हलला, आणखी जोराने. उजवा हलेपर्यंत थांबावं असं क्षणभर येसबाच्या मनात आलं, आणि तेवढ्यानेच त्याला स्वतःची लाज वाटली.

"वळव," तो ओरडला.

दाऊदने नाव वळवली. खडक धुक्यात पुष्कळ लांब राहिला. उजवा काटा शेवटपर्यंत जागचा हलला नाही.

दाऊदने मागूनच विचारलं, "येसबा, कुठली बोलली? बारा नावांना तीच बांधायची आहे."

दाऊदला काटे दिसत नव्हते. 'माझी' म्हटलं असतं तर खपून गेलं असतं. चाळीस वर्षांचं नाव शाबूत राहिलं असतं, आणि पिठाची युक्ती गुपचूप शिकून पुढच्या भट्टीत सावरूनही घेता आलं असतं. पण तोवर बारा नावांखाली बहिऱ्या चकत्या बांधल्या गेल्या असत्या. येसबाला गेल्या थंडीतली दोन माणसं आठवली.

"सुनेची," तो म्हणाला. "माझी मुकी राहिली."

किनाऱ्यावर आळी जमली होती. येसबाने नावेतून उतरता उतरता सगळ्यांना तेच सांगितलं, आणि अकरा चांगल्या चकत्या आपण फोडायला लावल्या, हेही सांगितलं. कोणी हसलं नाही.

मग तो चांगुणापुढे जाऊन उभा राहिला. "पोरी, त्या अकरा पुन्हा घडवायच्यात. पीठ किती घालायचं ते मला शिकव."

चांगुणाचे डोळे भरून आले. तिने सूप आणि चाळणी सासऱ्यापुढे ठेवली.

"जास्त झालं तर चकती पिचते, मामंजी," ती म्हणाली. "आधी चाळायला बसा."

आणि येसबा चाळायला बसला.

तात्पर्य: वस्तूची पारख तिला जिथे काम करायचं आहे तिथेच करावी; आणि आपली कसोटी चुकली, तर दुसऱ्याचा जीव जाण्याआधी ते आपल्या तोंडाने सांगावं.