दोन्ही हात वर!

“प्याला मिळाला नाही, तर तुझा बाप उद्या खाणीत!” सिनेटर वोल्केशियस त्रिफेनावर गरजला.

देवघरातला चांदीचा प्याला सकाळी सकाळी नाहीसा झाला होता. दिवाणखान्यात मुजऱ्याला आलेली मंडळी उभी होती. बड्या माणसाच्या घरी रोज सकाळी हजेरी लावायची, ही रोमची रीतच! पण आळ आला तो दारावरच्या म्हाताऱ्या हर्मासवर. गुलामावर आळ घ्यायला पुरावा कशाला लागतो?

त्याची लेक त्रिफेना तिथंच फरशी पुसत होती. खाणीत गेलेला म्हातारा परत येत नाही, आणि बापाशिवाय तिला होतं तरी कोण!

“धनी, बाबा दारावरून हललेच नाहीत,” ती म्हणाली. “प्याला या मंडळींपैकीच कुणाकडे तरी आहे.”

“माझ्या पाहुण्यांवर संशय? बरं, काढ शोधून! पण कुणाची झडती घ्यायची नाही, कुणाला हात लावायचा नाही, आणि चोर हा शब्द तोंडातून काढायचा नाही. मंडळी निघायच्या आत प्याला माझ्यासमोर हवा!”

पाहुणे खो खो हसले. फुरियस नावाचा जाडजूड व्यापारी तर सगळ्यांत मोठ्यानं.

त्रिफेनानं सगळ्यांवरून नजर फिरवली. सगळ्यांच्या अंगावर पांढरेशुभ्र टोगे, म्हणजे नुसतीच गुंडाळलेली लांबलचक वस्त्रं! त्यांना ना गाठ, ना बंद. सगळा डोलारा डाव्या हातावर तोललेला, आणि पुढचा झोळ एवढा मोठा की आख्खं कलिंगड मावावं.

“जशी आज्ञा, धनी. पण प्याला देवांचा होता, ते कोपले असतील. आधी सगळ्यांनी तुमच्या दीर्घायुष्यासाठी प्रार्थना केली तर?”

याला नाही कोण म्हणणार? रोमन माणूस प्रार्थना करतो ती दोन्ही हात आभाळाकडे उंचावून. भराभर हात वर गेले, टोगे घसरले, एका आजोबांचा तर थेट पायांत गोळा झाला! फुरियसचा मात्र एकच हात वर होता.

“आपला दुसरा हात?” त्रिफेनानं विचारलं.

“खांदा दुखतोय माझा!”

“असू दे, असू दे. अर्ध्या प्रार्थनेनं धन्यांना आयुष्यही अर्धंच मिळेल, एवढंच!”

वोल्केशियसनं डोळे वटारले. “फुरियस! हात वर!”

बिचारा करतो काय? हात वर गेला आणि ठण्ण! प्याला घरंगळत सिनेटरच्या पायाशी आला.

“हा... हा देवांनीच माझ्या टोग्यात टाकला असणार!” फुरियस घामाघूम झाला.

“मग झडतीही त्यांनीच घेतली,” त्रिफेना म्हणाली. “मी कुठं कुणाला हात लावला?”

वोल्केशियस इतका हसला, इतका हसला, की त्याचाही टोगा सुटला! तो सावरत म्हणाला, “आजपासून तू मोकळी, पोरी! आणि तुझा बापही!”

हर्मासनं त्या घराचं दार शेवटचं उघडलं, ते फुरियसला बाहेर घालवायला. मग लेकीचा हात धरून तो स्वतःही त्याच दारातून ऐटीत बाहेर पडला.