गंगव्वाकाकीचा पाटा

"मंग मी घडवायचं तरी कशापायी, सांगा की आप्पा."

आप्पानं मान वर केली न्हाई. लिंबाखाली बसून छिन्नीला धार लावत हुता. यल्लाप्पा पाथरवट. मला दगड शिकवला तो ह्याच माणसानं.

"आठ म्हैनं खपून नंदी केला. देवळाम्होरं बसवून आठ दिस झालं. फरशीवर समद्यांची नावं हायत. सिमेंट देणाऱ्याचं हाय. मांडव घालणाऱ्याचं हाय. माझं न्हाई."

"नंदी कसा झालाय?"

"झकास झालाय. त्येच्या मानंवर हात ठेवल्याबिगर माणूस फुडं जात न्हाई."

"मंग?"

"मंग काय. फोडायला निघालोय."

खांद्यावरचा घण मी दाणकन खाली टाकला. कोंबड्या पांगल्या.

आप्पानं घणाकडं बघितलं आन् कडंचा पाटा माझ्याम्होरं सरकवला.

"जाशील. आधी येवढा पाटा करून जा. माझा हात कापतोय आता. काकी चार दिस झालं बोंबलतीया."

गंगव्वाकाकी म्हंजे आप्पाची बायको. वाटून वाटून पाटा गुळगुळीत झाला की त्येच्यावर मिरची नुसती घसरती. मंग छिन्नीनं बारीक घाव घालून त्यो पुन्ना खरबरीत करायचा. टाकी लावायची. नवशिक्याचं काम. आन् सांगत हुता कुणाला, तर नंदी घडवणाऱ्याला.

डोस्कं तापलं. तरी बसलो. तासाभरात पाटा केला. घाव येकसारखं, जवारीच्या दाण्यावानी.

आन् मधोमध, वाटायच्या जागी, खोल नाव कोरलं. तिम्माण्णा. मला लिवायला तेवढंच येतं.

"घ्या. हितं तरी कुणी पुसणार न्हाई."

आप्पानं नावावरनं बोट फिरवलं.

"गंगे, चटणी वाट. तिम्म्या जेवून जाईल."

काकीनं आधी मूठभर जवारी रगडली आन् कोंबड्यांना टाकली. नव्या टाकीची कच पयल्या वाटणात येती. पीठ बसून नाव पांढरं झालं. मंग तिनं मिरची घेतली, लसूण, मीठ. नाव लालभडक झालं. झकास दिसत हुतं, खोटं कशाला बोलू.

काकी थांबली.

"ही कसली टाकी रं? लसूण जाऊन बसतोय की ह्यात."

"ते नाव हाय माझं, काकी."

"आसंल बाबा. पर वाटंना, त्येचं काय करू?"

बाभळीचा काटा घेऊन ती येकेक अक्षर उकरायला लागली.

भाकरी आली. चटणीत लसणाच्या आख्ख्या फोडी. आप्पा मिटक्या मारत खात हुता.

त्ये मला सोसंना.

"चाळीस वर्सं गावाचं पाटं केलंसा तुमी. कुठल्या पाट्यावर तुमचं नाव हाय? नाव जाऊ द्या, घाव तरी कुठं ऱ्हायलं का?"

आप्पानं घास गिळला. पाणी प्याला. निवांत ढेकर दिला.

तिकडं काकीनं पाटा धुवायला घेतला. दोन तांबे पाणी वतलं. आनि दोन वतलं. समदा पाटा निवळला, तीन अक्षरं तांबडीच.

"उद्या आंबूस वास मारंल बघा ह्यो," काकी आप्पाला म्हणली. "टाका तिकडं लिंबाखाली. मी शेजारनीच्या पाट्यावर वाटत जाईन."

माझ्या हातच्या दगडाला आसं आजवर कुणी म्हणलं नव्हतं.

मी उठलो. पाट्याम्होरं जाऊन बसलो. घण पायात येत हुता, बाजूला सारला. छिन्नी घेतली.

"टाकी चुकली का माझी, आप्पा?"

आप्पानं वल्ल्या पाट्यावर तळवा ठेवला. नंदीच्या मानंवर लोक ठेवत्यात, तसा.

"टाकी चांगली हाय, तिम्म्या. नावातच तेवढं अडकतंय."