तीस तोंडे, एक जीभ

एकदा एका तळ्याकाठच्या गावात पहाटे शेकडो मासे मरून पाण्यावर आले. भाद्रपदाचे दिवस होते. चार दिवस आभाळ भरलेले होते, ऊन मुळीच पडले नव्हते.

त्या गावात डोंगरवार गुरुजी राहत. ग्रंथपाल म्हणून निवृत्त झाल्यावर ते वाचनालयात मुलांना शिकवीत. माहिती कुठे शोधावी, कशी पारखावी आणि कोणापर्यंत कशी पोहोचवावी, एवढाच त्यांचा विषय. रेणुका ही त्यांची सर्वांत चलाख विद्यार्थिनी. कॉलेजात शिकणारी ही मुलगी मोबाइलवर गावाच्या बातम्यांचा ग्रुप चालवी. नऊशे माणसे तिचा शब्द वाचत, आणि त्याचा तिला अभिमान होता.

त्या सकाळी ती धापा टाकत वाचनालयात आली. तिच्या फोनवर एक फोटो होता. तळ्याच्या काठी पोते घेऊन वाकलेले सुकराम दिघोरे, गावात मासेमारी करणाऱ्या ढिवरांपैकी एक. खाली लिहिले होते, 'मासे पकडण्यासाठी यांनी पाण्यात विष घातले.'

"गुरुजी, तीस ठिकाणी हेच आहे. मीसुद्धा ग्रुपवर टाकलं. उद्या सकाळी तळ्यावर सगळे जमणार आहेत. ढिवरांच्या नावा तळ्यातून कायमच्या बाहेर काढायच्या म्हणतात. तुम्हाला काय वाटतं?"

गुरुजींनी फोटो पाहिला. मग खिडकीतून तळ्याच्या हिरव्यागार पाण्याकडे बराच वेळ पाहिले.

"मासे कशानं मेले असावेत, याचा मला अंदाज आहे," ते म्हणाले. "पण तुला सांगणार नाही."

"काहून, गुरुजी? एवढं सगळं पेटलंय आणि..."

"हे टाकणाऱ्या तीस जणांपैकी डोळ्यांनी पाहिलेले किती, ते शोध. मग ज्याचा फोटो आहे त्याला विचार. मग ज्याला पाण्यातलं कळतं त्याला." आणि ते पुस्तके लावायला उठून गेले.

रेणुकाला राग आला. तरी ती शोधत बसली. दुपारपर्यंत तिच्या ध्यानात आले की तीसही ठिकाणी फोटो तोच होता, वाक्य तेच होते, वाक्यातली शुद्धलेखनाची चूकसुद्धा तीच होती. सर्वांत आधी फोटोखाली ते वाक्य लिहिणारा माणूस दुसऱ्या तालुक्यातला. त्याने हे तळे पाहिलेलेही नव्हते. तोंडे तीस होती, जीभ एकच होती.

मग ती सुकरामच्या घरी गेली. ते दाराशीच बसले होते.

"मेलेले मासे पोत्यात भरत होतो जी, बाई. कुत्र्यांनी ओढू नये म्हणून पुरायला," ते म्हणाले. मग विचारले, "तो फोटो तुम्हीच पाठवला नं?"

रेणुकाने मान खाली घातली. "हो, काका. न विचारता पाठवला."

सुकरामने तिच्याकडे पाहिले आणि शांतपणे सांगितले, "विष असतं तर बारके आधी गेले असते. इथं मोठे मेले, बारके जिवंत आहेत. पहाटे सारे तोंड वर काढून हवा घेत होते. माझा बाप म्हणे, आभाळ दाटलं की तळं गुदमरते."

मत्स्यविज्ञान शिकणारी प्रणाली ही रेणुकाची शाळेतली मैत्रीण. रेणुकाने तिला फोन करून हे सारे जसेच्या तसे सांगितले. प्रणाली म्हणाली, "काका बरोबर सांगतात. ऊन नसलं की पाण्यातलं शेवाळ प्राणवायू देत नाही, उलट ओढून घेतं. पण तपासल्याशिवाय लिहू नको. मी संध्याकाळच्या एसटीने निघते."

दुसऱ्या दिवशी पहाटे प्रणालीने सर्वांच्या देखत पाणी तपासले. प्राणवायू अगदीच कमी निघाला. त्यानंतर रेणुका उभी राहिली.

"कालचा फोटो मीच ग्रुपवर टाकला होता. मी कोणाला विचारलं नव्हतं. ती माझी चूक." मग तिने सुकराम काय म्हणाले, प्रणालीला काय आढळले, हे ज्याच्या त्याच्या नावाने सांगितले. शेवटी म्हणाली, "विषाच्या तपासणीसाठी नमुना प्रयोगशाळेत पाठवतोय. तो निकाल यायचा आहे. तोवर मलाही पूर्ण ठाऊक नाही." हेच सारे तिने लगेच ग्रुपवरही लिहिले.

गर्दीत कुजबुज झाली. मग एक म्हातारा म्हणाला, "निकाल येईस्तोवर तळ्यातल्या नावांना हात लावायचा नाही." कोणी विरोध केला नाही. आठवड्याने निकाल आला. पाण्यात विष नव्हते.

रेणुकाने गुरुजींना विचारले, "तुम्हाला आधीच कळलं होतं, तर बोलला का नाहीत?"

"मी बोललो असतो, तर 'गुरुजी म्हणाले' हा एकतिसावा मेसेज झाला असता. तूही तो न तपासता पुढे पाठवला असतास. नऊशे माणसांशी जोडलेलं असणं सोपं आहे, पोरी. त्यातल्या कोणाला काय ठाऊक आहे ते ओळखणं, त्याच्या दाराशी जाणं, चार ठिकाणचं ज्ञान एकत्र बांधून ज्याचं श्रेय त्याला देत पुढे नेणं, ही विद्या. आणि आपली चूक त्याच वाटेनं परत पाठवणं, ही त्या विद्येची परीक्षा. त्यात तू उतरलीस. माझ्या अंदाजात मोठे मेले, बारके जगले हे नव्हतं, ते सुकरामनं सांगितलं."

त्याच संध्याकाळी रेणुकाने सुकरामना ग्रुपमध्ये येण्याची विनंती केली. "मला लिहिता येत नाही," ते संकोचाने म्हणाले. "बोलून पाठवा, काका," ती म्हणाली.

दुसऱ्या दिवशी सकाळी नऊशे फोनवर एक घोगरा आवाज ऐकू आला. "राम राम. सुकराम बोलतो. आज ऊन पडलं आहे. मासे खाली गेले. तळं श्वास घेते."